जुन्या ट्रकची पुढची काच तडकली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाट ते वणी या पट्ट्यात कोळसा, गिट्टी, कापूस, सोयाबीन वाहणाऱ्या गाड्यांना काचा बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली. रोज तेच प्रश्न येतात, म्हणून ते एका जागी लिहून काढले. प्रश्न ज्यांनी विचारले त्यांच्याच तोंडचे ठेवलेत. या गाड्या म्हणजे टाटाच्या 1210, 1613 आणि 407, लेलँडची कॉमेट, आणि गावातल्याच मिस्त्रीनं केबिन बांधलेल्या कितीतरी. नव्या, कंपनीच्या एसी केबिनवाल्यांना यातलं अर्धंच कामाचं आहे.

बारीकशी फुली पडली. चालते का, का आत्ताच बदलावं लागते?

आधी फुलीवर, म्हणजे दगडानं पडलेल्या चांदणीसारख्या तड्यावर, नख फिरवा. बाहेरून फिरवा, मग आत बसून त्याच जागी फिरवा. बाहेरून नख अडकलं आणि आतून गुळगुळीत लागलं, तर मार फक्त बाहेरच्या थराला आहे. पुढची काच ही एक काच नसतेच. दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा पातळ पडदा, असं ते सँडविच असतं. मधला पडदा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. दगड लागल्यावर काच अंगावर न कोसळता जागीच लटकून राहते ती त्याच्याच जोरावर.

मार बाहेरच्या थराला असेल, फुली एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात असेल, कडेपासून दोन-तीन इंच आत असेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल, तर भरून घेता येते. आतूनही नख अडकलं तर बदला. चीर कडेला जाऊन भिडली असेल तरी बदला. कडेला भिडलेली चीर आजच्या रात्रीत थांबेल, उद्याच्या खड्ड्यात थांबणार नाही.

ड्रायव्हरच्या समोरची फुली लहान असली तरी मी भरत नाही. भरल्यावरही तिथं पाण्याच्या थेंबासारखी खूण राहते. दिवसा ती दिसत नाही. रात्री समोरून फुल डिपरवर गाडी आली की त्याच खुणेत उजेड फुटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी रस्त्यावर बैलगाडी असते.

रस्त्यात गिट्टी लागली, गाव लांब आहे. तोवर काय करू?

पारदर्शक चिकटपट्टी लावा. एवढंच. धूळ आणि ओल आत गेली की नंतर भरायला घेतलेली फुली काळी दिसते आणि नीट भरतही नाही. काच पाण्यानं धुवू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका. दार आपटू नका. सगळ्या काचा वर करून दार आपटलं की केबिनमधली हवा समोरच्या काचेवर ढकलते आणि चीर दोन बोटं पुढं सरकते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मालक रागानं उतरला, दार आपटलं, आणि ज्या चिरेसाठी तो क्लीनरवर ओरडत होता ती त्याच्यासमोर वाढली.

रिपेर होते मंतात ते खरं आहे का? का नुसता पैसा काढायचा धंदा?

खरं आहे, पण त्याला मर्यादा आहे. फुलीवर एक लहान पंप बसवतात, आतली हवा ओढून घेतात आणि त्या जागी पातळ रेझिन दाबतात. मग अतिनील दिव्यानं ते रेझिन घट्ट होतं. फुली नाहीशी होत नाही, चीर तिथं थांबते. भरल्यानं काच नवी होईल असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

आपल्याकडची खरी अडचण ऊन आहे. सूर्याच्या उजेडातही अतिनील किरणं असतात, म्हणून उन्हात काम घेतलं की रेझिन आत शिरायच्या आधीच बाहेर गोठतं. एप्रिल-मेमध्ये काच हाताला चटका देईल इतकी तापलेली असते. त्या दिवसांत हे काम सकाळी आठच्या आत, कडुनिंबाच्या सावलीत किंवा शेडमध्ये करून घ्या. दुपारी दोनला गाडी उभी करून 'लवकर कर बावा' म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

फेविक्विक भरलं तं?

भरू नका. ते कडक होतं आणि पहिल्याच हादऱ्याला सुटतं. वर फट बुजून जाते, मग चांगलं रेझिन आत जाऊ शकत नाही. नेलपॉलिशचंही तेच. फेविक्विक लावून आणलेली फुली मी भरत नाही, सरळ काच बदलायला सांगतो.

गोटा नाही लागला, कुठं धडकली नाही, रात्री उभ्या गाडीची काच तडकली. हे कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर ऐकून निम्मे लोक नाराज होतात, कारण दोष काचेचा नसतो.

टॉर्च घ्या आणि चीर जिथून सुरू झाली तिथं जा. दगडाचा मार असेल तर सुरुवातीला छोटा खड्डा दिसतो, पांढरी भुकटी दिसते. तसं काही नाही, चीर सरळ रबरातून बाहेर निघाली आहे असं दिसलं, तर काच दबावानं फुटली. दाब कुठून आला ते आता शोधा.

पहिली शंका रबरावर. जुन्या ट्रकची पुढची काच पत्र्याला चिकटवलेली नसते, रबराच्या खोबणीत बसवलेली असते. काच आणि पत्रा एकमेकांना लागू नयेत हे त्या रबराचं काम. आपल्या उन्हात पाच-सात वर्षांत रबर वाळून कडक होतं. बोटानं दाबून पाहा, दबलं नाही तर ते रबर राहिलंच नाही, पट्टी झाली. मग खड्ड्यातला प्रत्येक हादरा थेट काचेला लागतो.

दुसरी शंका गंजावर. रबराच्या खाली पत्र्याची कड असते, तिथं पावसाचं पाणी साचतं. गंजलेला पत्रा फुगतो. पापुद्र्यासारखा थर चढत जातो, रबर आतून दाबलं जातं, आणि एक दिवस त्या जागी काचेला पाचर मारल्यासारखं होतं. खालचे दोन कोपरे आधी सडतात. वायपरच्या खालची जागा तर हमखास.

तिसरी शंका केबिनवर. ओव्हरलोड गाडी शेतातल्या पांदणीतून बाहेर काढताना चेसिस पिळते आणि सोबत केबिनही पिळते. केबिनचे माउंटिंग बुश (केबिन चेसिसवर टेकते ते रबरी तुकडे) गेले असतील, किंवा मागं कधी ठोकर लागून डावा खांब आत आला असेल, तर चौकट चौकोनी राहत नाही. सुतळी घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्हींत फरक दिसला तर काचवाल्याआधी डेंटरकडे जा.

असंच नवी काच बसवून नेलेली एक गाडी महिन्यात परत आली, पुन्हा त्याच कोपऱ्यातून तडकलेली. मालक म्हणाला, काच डुप्लिकेट होती. रबर काढलं तर खाली गंजाची बोटभर जाड ढेप. चूक माझी होती. घाईचं काम होतं, जिनिंगचा हंगाम होता, जुनंच रबर चढवून दिलं होतं. दुसरी काच पदरचे पैसे घालून बसवली. तेव्हापासून रबर काढून पत्रा पाहिल्याशिवाय काचेला हात लावत नाही.

आमच्या गाडीची काच बाजारातच नाही. आता?

गाडीची काच सपाट आहे का गोलाई असलेली, ते आधी पाहा. सूत ताणून काचेवर धरलं तर लगेच कळतं.

गोलाईची असेल तर ती साच्यातच बनते, कापून होत नाही. मॉडेल, वर्ष, आणि जमलं तर जुन्या काचेच्या कोपऱ्यावरच्या शिक्क्याचा फोटो घेऊन नागपूरला, वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात विचारायचं. 407 सारख्या चालणाऱ्या गाडीची काच सहसा मिळते.

सपाट असेल तर काळजी नाही. लॅमिनेटेड, म्हणजे वर सांगितलेल्या सँडविच काचेची मोठी शीट येते, ती मापानं कापता येते. मिस्त्रीनं बांधलेल्या केबिनला दुसरा मार्गच नसतो. एकाच मिस्त्रीच्या दोन केबिन सारख्या नसतात, आणि एकाच केबिनची डावी-उजवी बाजूही पाव इंचानं वेगळी निघते. म्हणून फोनवर माप सांगू नका. फुटलेली का होईना, जुनी काच घेऊन या. ती नसेल तर पुठ्ठ्याचा फर्मा काढा. फर्मा पत्र्याच्या चौकटीला घट्ट बसेल एवढा नको. रबराची जाडी सुटली पाहिजे.

कापणं पाहण्यासारखं असतं. हिरकणीनं, म्हणजे काच कापायच्या हत्यारानं, वरून रेघ मारायची, काच उलटी करून बरोबर त्याच रेघेवर खालून मारायची. हलक्या टिचकीनं दोन्ही काचा तुटतात, पण मधला पडदा दोघींना धरून ठेवतो. मग फटीत स्पिरिट सोडून काडी लावायची. निळी ज्योत रेघेवरून पळत जाते, पडदा मऊ पडतो, काच जराशी ओढून फटीत ब्लेड फिरवलं की तुकडा सुटतो. हे घरी करू नका. शेडमधली माणसंसुद्धा पहिल्या काही काचा वाया घालवूनच शिकतात.

साधी खिडकीची काच लावून दिली तं चालते का? काही जण ॲक्रिलिक लावतात.

नाही. खिडकीची काच फुटली की लांब सुऱ्या होतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पांदणीतली बाभळीची फांदी अशा काचेला लागलेली मी पाहिली आहे. ड्रायव्हर वाचला, पण त्याच्या मागच्या सीटच्या रेक्झिनला दोन ठिकाणी आरपार भोकं होती. ॲक्रिलिकवर वायपर महिनाभर चालला की ते धुक्यासारखं होतं.

शिवाय कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 100 प्रमाणे पुढची काच लॅमिनेटेड सेफ्टी ग्लासच पाहिजे. बाजूच्या काचा टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात, फुटल्या की त्यांची साबुदाण्यासारखी गोटी होते. टफन काच कापताही येत नाही, हिरकणी लावली की अख्खी विखुरते.

खरी लॅमिनेटेड आहे हे ओळखू कशी?

कड पाहा. दोन काचांच्या मधे बारीक रेघ दिसली पाहिजे. तयार काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो: बनवणाऱ्याचं नाव, आयएसआय चिन्ह, आयएस 2553 हा क्रमांक आणि त्याखाली सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक. शीटमधून कापलेल्या तुकड्यावर शिक्का येईलच असं नाही, तिथं कडेवरच भरवसा ठेवावा लागतो आणि बिल पक्कं घ्यावं लागतं.

भंगारातली काच घेत असाल तर कोपऱ्यांवर पांढरट, दुधाळ डाग आहे का पाहा. तिथं पाणी शिरून पडदा सुटायला लागलेला असतो. अशी काच फुकट मिळाली तरी नको.

घरीच बसवता येते का?

रबरवाली काच दोन माणसं आणि एक तास असेल तर बसते. पहिल्या वेळी दोन तास धरा.

जुनं रबर फेकायचंच असेल तर बाहेरची कड चाकूनं कापून काढा. काच आतून दोन्ही पायांनी हळूहळू रेटली की निघते, बाहेर दुसऱ्यानं ती झेलायला उभं राहायचं. चामडी हातमोजे घाला. मग पत्र्याची कड उघडी पडते. तारेच्या ब्रशनं गंज काढा, प्रायमर मारा, वाळू द्या. छिद्रं असतील तर वेल्डिंग आधी, काच नंतर. वेल्डिंगची ठिणगी नव्या काचेवर उडाली की बारीक काळे ठिपके कायमचे बसतात.

नवं रबर आधी काचेला चढवा. मग रबराच्या ज्या खोबणीत पत्रा बसतो तिच्यात चार-पाच मिलिमीटरची नायलॉनची दोरी पूर्ण वेढा घालून बसवा. दोरीची दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून वीतभर जातील अशी आत सोडा. खोबणीला साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस, डिझेल नको, त्यानं रबर फुगतं. एक जण बाहेरून काच चौकटीवर धरून तळव्यानं दाबतो. दुसरा आत बसून दोरीचं टोक काचेच्या मधल्या दिशेला ओढत जातो. दोरी सुटत जाते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर पलटत जाते. बाहेरचा माणूस जिथं दोरी आहे तिथंच दाबतो, दुसरीकडे नाही. कोपऱ्यावर घाई केली की काच तिथंच जाते.

शेवटी लॉकपट्टी, म्हणजे रबराच्या खाचेत भरून ते घट्ट करणारी पट्टी. तिचं हत्यार मिळतं, त्याशिवाय स्क्रूड्रायव्हरनं ढकलत बसलात तर रबर फाडाल.

झाल्यावर वरून पाइपनं हळू पाणी सोडा आणि आत एकानं टॉर्च घेऊन बसा. पहिला थेंब कुठून येतो तिथं खूण करा.

गळते. सिलिकॉन मारू?

आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर नको, त्यानं पत्रा गंजतो. म्हणजे पुढच्या तडकण्याची तयारी आजच केल्यासारखं. काचवाल्यांकडे काळं, न वाळणारं सीलंट मिळतं, ते रबराच्या ओठाखाली भरा.

आमच्या गाडीची काच पेस्टिंगची आहे.

मग घरी हात घालू नका. ती पॉलियुरेथेननं चिकटवतात आणि ते हवेतल्या ओलाव्यानं सेट होतं. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत पावसाळ्यापेक्षा जास्त वेळ द्या. ट्यूबवर लिहिलेल्या तासांआधी गाडी हलवू नका, लोड तर नकोच.

खर्च किती?

चार गोष्टींचे वेगवेगळे भाव विचारा: काच, रबर, लॉकपट्टी, मजुरी. 'सगळं मिळून' असा एकच आकडा सांगणारा बहुतेक वेळा जुनंच रबर चढवतो. रबराचे पैसे वाचवू नका, काच त्याच्या भरवशावर टिकते.

इन्शुरन्समधून मिळते का?

फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. जुन्या गाड्यांना बहुतेक थर्ड पार्टीच असतो.

फुल पॉलिसी असेल तर काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, रबरावर निम्मा कापतात. पण सक्तीची वजावट तुमच्या खिशातून जाते आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनसही जातो. सपाट, कापून बसणाऱ्या काचेसाठी हिशोब सहसा जमत नाही. महागड्या गोलाईच्या काचेसाठी जमू शकतो. क्लेम घ्यायचा असेल तर काच काढण्याआधी कंपनीला कळवा, नंबरप्लेट दिसेल असा फोटो काढा. काच काढून मग फोन करणारे दर महिन्याला एक-दोन भेटतात.

तडकलेल्या काचेवर पोलीस पकडतात का? फिटनेसला अडते का?

दोन्ही होतं. असुरक्षित स्थितीत गाडी चालवणं हा मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 190 खाली गुन्हा आहे. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दरवर्षी लागते, आणि काच तिथं नजरेत येते. फिटनेसच्या आदल्या रात्री काच शोधत फिरू नका, त्या रात्री मिळेल ती काच आणि मागेल तो भाव अशी गत होते.

नव्या काचेवर काळी फिल्म?

पुढच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड गेलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली. ऊन लागत असेल तर आतून सनशेड वापरा आणि थांबल्यावर काचेवर पोतं टाका.

फास्टॅग काढून नव्या काचेवर लावू का?

लावता येत नाही. तो काढला की फाटतो, तसाच बनवलेला आहे. ज्या बँकेचा आहे तिला कळवून नवा घ्या, तोही समृद्धीवर चढण्याआधी. नव्या काचेवर जिलेटिन आणि देवाचे स्टिकर चिकटवायचे तर एका बाजूला, वरच्या पट्टीत. मधोमध लटकलेली बाहुली आणि लिंबू-मिरची डोळ्यांसमोर हलत राहते, ती आरशाजवळ सरकवा. तिथूनही नजर लागणार नाही.

परत तडकू नये म्हणून काय करू?

मे महिन्यात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. ढाब्यावर थांबलं की क्लीनर पहिलं काम तेच करतो. आधी सावली, मग पाणी.

वायपरचं रबर गेलं की लोखंड काचेवर घासतं आणि अर्धगोल ओरखडा पडतो. तो निघत नाही. पावसाळ्याआधी मृगाच्या सुमाराला ब्लेड बदला, फार पैसे लागत नाहीत.

वणी-घुग्घुसच्या कोळशाच्या रस्त्यावर पुढच्या डंपरच्या अगदी मागं राहू नका. जोडटायरच्या मधे गिट्टी अडकते आणि वेग वाढला की गोफणीतून सुटल्यासारखी मागं येते. तुमच्याही जोडटायरमधे ती असते. खाणीतून किंवा क्रशरवरून निघताना पहारीनं काढून टाका. टायर वाचतो आणि मागच्याची काचही.

फुटलेली काच कुठं टाकू?

धुऱ्यावर नाही, नाल्यात नाही. लॅमिनेटेड तुकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि नांगरताना बैलाच्या खुरात जातो. पोत्यात बांधून भंगारवाल्याला द्या. केबिनमधल्या सीटच्या शिवणीत आणि चटईत बारीक कण उरतात ते झाडूनं निघत नाहीत. ओला कापूस दाबून उचला. कापूस आपल्याकडे कमी नाही.